चालू पोलरमधील डीबगचे नियंत्रण : प्रकल्प नोंदी

ज्या सॉफ्टवेअरवर हे काम चालू आहे ते, म्हणजे पोलर, नेटवर्कवरील स्विच, राउटर आणि यूपीएस यांना दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने (उपकरणांवर देखरेख ठेवण्याच्या प्रोटोकॉलने) विचारणा करते, त्यांचे ट्रॅप (उपकरणाने आपणहून पाठवलेल्या सूचना) 162 क्रमांकाच्या पोर्टवर स्वीकारते आणि मिळालेली माहिती डेटाबेसमध्ये लिहिते. ते सी भाषेत लिहिलेले असून लिनक्सवर चालते आणि एसएनएमपीसाठी नेट-एसएनएमपी ही लायब्ररी वापरते. असेच काम हाती घेणाऱ्यांना कोणत्या वाटा बंद निघाल्या हे कळावे, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

3 जून

आधी सध्याची स्थिती. डीबगच्या, म्हणजे दोष शोधण्यासाठी लॉगमध्ये लिहायच्या, सगळ्या ओळींचे छापणे कंपाइल करतानाच्या एका फ्लॅगमागे आहे, त्यामुळे डीबग हवा असेल तर वेगळी बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्राम) बसवावी लागते आणि त्यासाठी पोलर थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. ज्या तक्रारीमुळे हे काम सुरू झाले ती नेमकी येथेच अडते. एखादा स्विच अचानक ‘उत्तर देत नाही’ असा दिसू लागतो, त्याच सर्व्हरवरून हाताने विचारले तर तो तत्काळ उत्तर देतो, आणि पोलर रीस्टार्ट केला की सगळे पूर्ववत होते. म्हणजे डीबगची बायनरी बसवण्याच्या कृतीनेच पुरावा पुसला जातो, आणि पुढचा प्रसंग कधी येईल याची वाट पाहत बसावे लागते.

त्यामुळे पहिली अट अशी की चालू प्रक्रियेला हात न लावता डीबग सुरू आणि बंद करता आला पाहिजे. दुसरी अट मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे, कारण ती सहज विसरली जाते: डीबग सुरू असताना लॉग रिकामा दिसला, तर त्याचा अर्थ ‘ते घडले नाही’ एवढाच असला पाहिजे. ‘घडले, पण लिहिले गेले नाही’ अशी शक्यता शिल्लक राहत असेल, तर त्या लॉगवर रात्री दोन वाजता कोणी निर्णय घेऊ नये.

6 जून

सुरुवात पातळ्यांपासून केली, कारण सर्वांच्या डोक्यात तेच असते. सिसलॉग या लॉग पाठवण्याच्या पद्धतीच्या आरएफसी 5424 या मानकात 0 ते 7 अशा आठ पातळ्या आहेत आणि त्यांतली 7 ही संपूर्ण डीबगसाठी आहे, म्हणून डीबगच्या आत आमच्या स्वतःच्या 1 ते 9 पातळ्या केल्या. चाचणीच्या सर्व्हरवर दिसले ते असे: 5 वर उपयोगाचे काहीच येत नाही आणि 6 वर प्रत्येक उपकरणाचे प्रत्येक पॅकेट ओतले जाते. कोणती ओळ कोणत्या पातळीवर ठेवावी यावर दोन अभियंत्यांचे एकमत होत नव्हते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ओळीचे महत्त्व प्रश्नावर ठरते. वेळापत्रकाचा दोष शोधणाऱ्याला पॅकेटचे बाइट नको असतात. पॅकेटचा दोष शोधणाऱ्याला तेच आधी हवे असतात.

नऊ पातळ्या काढून टाकल्या. आता दोनच उरल्या आहेत, सारांश आणि तपशील. खरी निवड विषयावर करायची असे ठरवले.

11 जून

विषयांची कल्पना नवी नाही. नेट-एसएनएमपीमध्ये ती पूर्वीपासून आहे: प्रत्येक डीबग ओळीला एक टोकन जोडलेले असते आणि आज्ञा देताना हवी ती टोकने सांगता येतात. तेथे जुळणी नावाच्या सुरुवातीवरून होते, म्हणजे ‘यूएसएम’ असे सांगितले की त्या अक्षरांनी सुरू होणारी सगळी टोकने जागी होतात. हे सोयीचे आहे, पण नावे शिस्तीने ठेवलेली नसतील तर नको असलेले शेजारीही बोलू लागतात.

आम्ही बिंदूंनी विभागलेली नावे घेतली: पोल, पोल.वेळापत्रक, पोल.काउंटर, ट्रॅप, ट्रॅप.स्रोत, डेटाबेस.लेखन इत्यादी. ‘पोल’ म्हटले की त्याखालचे सर्व येते, परंतु जुळणी पूर्ण शब्दावरच होते. विषय कोडमध्ये वाटेल तेथे जन्माला घालता येत नाहीत. एका फाइलमध्ये त्यांची यादी आहे, प्रत्येकापुढे एका वाक्यात तो काय छापतो ते लिहिले आहे, आणि त्या यादीत नसलेला विषय कोणी वापरला तर कंपाइलच होत नाही. ही यादी लिहिण्यात अपेक्षेपेक्षा बराच अधिक वेळ गेला, कारण जुन्या ओळींपैकी अनेक ओळींचा विषय कोणता हेच सांगता येत नव्हते. अशा ओळी काढून टाकल्या. त्यांतली एकही आजवर कोणी मागितलेली नाही.

14 जून

बंद असलेल्या डीबगचा खर्च जवळजवळ शून्य असावा. डीबग हे साधे फंक्शन ठेवले तर विषय बंद असूनही त्याला दिलेले सगळे आर्ग्युमेंट आधी तयार होतात. आमच्याकडे त्यांत संपूर्ण पॅकेटचे हेक्साडेसिमल (सोळा अंकांच्या पद्धतीतले) रूप बनवणे होते, आणि ते प्रत्येक उत्तरामागे बनून फेकले जात होते. म्हणून मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये जागच्या जागी उलगडणारा तुकडा) केला: आधी विषयाचा एक पूर्णांक तपासायचा आणि तो शून्य नसेल तरच पुढे जायचे.

मॅक्रो बसवताच चाचण्यांपैकी एक मोडली. ट्रॅप वाचणाऱ्या भागात एका डीबग ओळीच्या आर्ग्युमेंटमध्ये पुढचा घटक वाचून घेणारे फंक्शन बोलावलेले होते. पूर्वी ते नेहमी चालायचे. आता विषय बंद असला की ते बोलावलेच जात नव्हते आणि पुढचे सर्व वाचन एका घटकाने चुकत होते. डीबग सुरू केला की बरोबर, बंद केला की चूक. या जातीचा दोष शोधणे किती अवघड असते ते लक्षात घेऊन आम्ही सगळ्या डीबग ओळी हाताने तपासल्या आणि नियम केला की डीबगच्या आर्ग्युमेंटमध्ये स्थिती बदलणारे काहीही येणार नाही. त्याशिवाय चाचण्या आता दोनदा चालतात, एकदा सर्व विषय बंद ठेवून आणि एकदा सर्व विषय सुरू ठेवून. या दुसऱ्या फेरीला फार खर्च येत नाही आणि ती कोणीही टाळू नये असे मला मनापासून वाटते.

19 जून

चालू प्रक्रियेशी बोलायचे कसे? पहिला मसुदा सिग्नलचा, म्हणजे चालू प्रक्रियेला ऑपरेटिंग सिस्टिममार्फत द्यायच्या ठरावीक इशाऱ्याचा, होता: यूएसआर1 आला की डीबग वाढवायचा, यूएसआर2 आला की बंद करायचा. डीएनएससाठी (नावांवरून आयपी पत्ते शोधण्यासाठी) वापरल्या जाणाऱ्या बाइंडच्या जुन्या आवृत्त्यांत अशीच पद्धत होती. तिची अडचण उघड आहे, सिग्नलबरोबर विषयाचे नाव पाठवता येत नाही. शिवाय सिग्नल हँडलरच्या (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) आत मेमरी मागणे किंवा छापणे सुरक्षित नसते. तेथे फक्त एक झेंडा लावून मुख्य चक्रात परत यावे लागते.

दुसरा विचार एसएनएमपीनेच नियंत्रण करण्याचा होता. नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला नेटवर्कवरूनच आज्ञा द्यावी हे ऐकायला छान वाटते. मी त्याला नकार दिला, कारण ज्या दिवशी डीबगची गरज सर्वांत जास्त असेल त्या दिवशी एसएनएमपीचा मार्गच आजारी असण्याची शक्यता मोठी, आणि एसएनएमपीच्या आवृत्ती 2सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द, तारेवरून उघडी जाते.

शेवटी युनिक्स सॉकेट (त्याच सर्व्हरवरील प्रक्रियांनी एकमेकांशी बोलण्याची, फाइलसारखी दिसणारी वाट) ठेवले. सर्व्हरवर लॉगिन केलेल्या, ठरावीक गटातल्या व्यक्तीलाच ते उघडता येते. सॉकेटची फाइल तयार होताना तिच्या परवानग्या त्या क्षणीच्या युमास्कवर (नव्या फाइलला कोणत्या परवानग्या मिळू नयेत हे ठरवणाऱ्या मांडणीवर) ठरतात, ही गोष्ट पहिल्या आवृत्तीत सुटली होती आणि काही काळ ते सर्वांना खुले होते. आता युमास्क आधी घट्ट करून मगच सॉकेट बांधले जाते.

26 जून

उपकरणाचे गाळण. शेकडो उपकरणांपैकी एकाच स्विचबद्दलच्या ओळी हव्या असतात, म्हणून विषयाबरोबर आयपी पत्ता किंवा सबनेट देता येईल असे केले. कल्पना सोपी आणि अंमलबजावणी या संपूर्ण कामातली सर्वांत कष्टाची ठरली.

कारण असे की कोडच्या खालच्या थरांना आपण कोणत्या उपकरणासाठी काम करत आहोत हेच ठाऊक नसते. बाइट उलगडणाऱ्या फंक्शनला फक्त बाइट मिळतात. पहिल्या प्रयत्नात ‘सध्याचे उपकरण’ थ्रेडपुरत्या (प्रक्रियेतल्या एका स्वतंत्र धाग्यापुरत्या) एका व्हेरिएबलमध्ये ठेवले. परंतु आमची विचारणा असमकालिक आहे: एकच थ्रेड अनेक उपकरणांना प्रश्न पाठवतो आणि उत्तरे येतील त्या क्रमाने कॉलबॅक (उत्तर आल्यावर चालणारी फंक्शने) चालतात. त्यामुळे त्या व्हेरिएबलमध्ये कोणत्या तरी आधीच्याच उपकरणाचा पत्ता राहत असे, आणि गाळण लावले की हव्या असलेल्या स्विचच्या ओळी गायब होऊन दुसऱ्याच्या ओळी त्याच्या नावाने छापल्या जात. लॉग रिकामा असण्यापेक्षाही हे वाईट आहे.

आता पत्ता सेशनच्या, म्हणजे एका उपकरणाशी चाललेल्या संवादाच्या, रचनेतच ठेवलेला असतो आणि प्रत्येक कॉलबॅकच्या प्रवेशाशी तो पुन्हा लावला जातो, बाहेर पडताना पुसला जातो. पत्ता पुसलेला असताना एखादी डीबग ओळ आली, तर ती गाळली जात नाही. ‘उपकरण अज्ञात’ असा शिक्का मारून छापली जाते. गाळणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी त्याने लपवू नयेत.

ट्रॅपच्या बाबतीत आणखी एक गुंता निघाला. आवृत्ती 1 च्या ट्रॅपमध्ये उपकरणाचा पत्ता आतच एका स्वतंत्र रकान्यात असतो, आणि मध्ये नॅट (पत्ते बदलणारी व्यवस्था) किंवा ट्रॅप पुढे पाठवणारा सर्व्हर असेल तर तो पत्ता पॅकेटच्या स्रोत पत्त्याशी जुळत नाही. गाळण आता दोन्हींपैकी एक जुळला तरी ओळ जाऊ देते आणि दोन्ही पत्ते छापते.

2 जुलै

प्रत्यक्ष सर्व्हरवर पहिल्यांदा ‘पोल’ विषय तपशिलासह, सर्व उपकरणांसाठी सुरू केला. काही मिनिटांत टाइमआउट (ठरलेल्या वेळेत उत्तर न मिळण्याचे प्रसंग) वाढू लागले. ज्या उपकरणांची कधीच तक्रार नव्हती तीही उत्तर देत नसल्याचे दिसू लागले.

कारण आमचेच लेखन होते. प्रत्येक ओळ लिहिण्यासाठी सर्व थ्रेड एका वेळी एकालाच पुढे सोडणाऱ्या एकाच कुलपापाशी थांबत होते आणि डिस्क मंदावली की उत्तरे सॉकेटच्या बफरमध्ये वाचली न जाता पडून राहत होती. नेट-एसएनएमपीच्या मूळ मांडणीप्रमाणे एका प्रश्नासाठी 1 सेकंद थांबून पुढे 5 पुनर्प्रयत्न होतात. आम्ही पुनर्प्रयत्न कमी ठेवलेले असल्यामुळे एवढा विलंबही पुरेसा ठरला. जो दोष शोधायचा तोच दोष डीबगने निर्माण करावा, यापेक्षा दिशाभूल करणारे काही नाही.

आता ओळी मर्यादित लांबीच्या एका रांगेत टाकल्या जातात आणि वेगळा थ्रेड त्या डिस्कवर लिहितो. रांग भरली तर पोलर थांबत नाही, ओळ टाकून दिली जाते. मात्र किती ओळी टाकल्या याची मोजणी ठेवून, जागा मिळताच ‘येथे इतक्या ओळी गळल्या’ अशी ओळ त्याच जागी लिहिली जाते. गळती मान्य आहे, न सांगितलेली गळती मान्य नाही.

5 जुलै

तीच अडचण दुसऱ्या दाराने आली. लॉग सिस्टिमडी या लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या जर्नलकडे जात होता, आणि जर्नल एका सेवेकडून ठरावीक काळात ठरावीक ओळीच घेतो; सध्याच्या आवृत्त्यांत मूळ मर्यादा 30 सेकंदांत 10000 ओळींची असते आणि डिस्कवरच्या मोकळ्या जागेनुसार ती वाढवली जाते. त्यापुढच्या ओळी टाकून दिल्याची नोंद जर्नल करतो, परंतु ती नोंद त्याच्या स्वतःच्या नावावर असते, त्यामुळे फक्त पोलरचा लॉग गाळून वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सुटू शकते. डीबग आता स्वतःच्या फाइलमध्ये जातो. इशारे आणि त्रुटी जर्नलमध्येच राहिल्या आहेत.

फाइलकडे वळताना बफरचा विचार करावा लागला. फाइलमध्ये लिहिताना सीची मानक लायब्ररी बफर भरेपर्यंत ओळी अडवून ठेवते, आणि प्रक्रिया कोसळली तर नेमक्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोलाच्या ओळी नाहीशा होतात. लेखनाचा थ्रेड म्हणूनच तो बफर वापरत नाही. प्रत्येक खेपेला पूर्ण ओळीच थेट लिहितो.

9 जुलै

आज काम थांबवून एक गंभीर बाब सोडवली. तपशिलाच्या पातळीवर पॅकेटचे बाइट छापले जातात आणि आवृत्ती 1 व 2सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग पॅकेटच्या सुरुवातीलाच साध्या अक्षरांत असते. 70 75 62, म्हणजे ‘pub’, अशी सुरुवात दिसली की सराईत माणूस ‘public’ हा पूर्ण शब्द ओळखतो. आमच्या कम्युनिटी त्याहून कठीण होत्या, पण छापल्यावर त्यांचा कठीणपणा काय कामाचा? चाचणीच्या काळातल्या दोन फाइली बाहेरच्या पुरवठादाराला तपासणीसाठी पाठवल्याचेही लक्षात आले. संबंधित उपकरणांवरच्या कम्युनिटी त्याच दिवशी बदलल्या. त्यात शाखांमधल्या लोकांचा बराच वेळ गेला आणि तो खर्च या प्रकल्पाच्याच खाती धरला पाहिजे.

दुरुस्ती करताना मजकुरातला शब्द झाकणे पुरेसे नव्हते, कारण हेक्साडेसिमल भागात तो तसाच राहत होता. आता पॅकेटची प्रत घेऊन, तिच्यातल्या कम्युनिटीच्या बाइटवर ठरावीक चिन्ह लिहून, मगच दोन्ही रूपे छापली जातात. पॅकेट मोडके असेल आणि कम्युनिटी कोठे संपते हे कळत नसेल, तर बाइट छापलेच जात नाहीत, केवळ लांबी छापली जाते. आवृत्ती 3 च्या (ओळख पटवण्याच्या व एन्क्रिप्शनच्या) किल्ल्या कोणत्याही विषयात, कोणत्याही पातळीवर छापायच्या नाहीत. हे झाकणे बंद करण्याची सोय मागितली गेली होती. ती दिलेली नाही.

12 जुलै

डीबग सुरू करणारा माणूस तो बंद करायला विसरतो, हे गृहीत धरून रचना करावी लागते. शनिवार-रविवारभर सुरू राहिलेल्या एका विषयाने डिस्कचा तो भाग भरला, आणि डेटाबेसही त्याच भागावर असल्यामुळे नोंदी घेणे थांबले. डीबगची जागा आता वेगळ्या विभाजनावर आहे आणि प्रत्येक विषय मुदतीसहच सुरू होतो. मुदत सांगितली नाही तर 15 मिनिटे, आणि जास्तीत जास्त 24 तास. मुदत मोजण्यासाठी भिंतीवरच्या वेळेचे घड्याळ न घेता सतत पुढेच जाणारे घड्याळ घेतले आहे, नाहीतर एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) वेळ मागेपुढे केली की मुदतही हलते.

मुदत संपल्यावर लॉग शांत होतो, आणि ही शांतता पुन्हा फसवी ठरू शकते. म्हणून विषय सुरू होताना कोणी, कोणत्या गाळणासह आणि कधीपर्यंत सुरू केला, आणि बंद होताना मुदतीने की आज्ञेने, अशा ओळी फाइलमध्ये येतातच. त्या कोणत्याही गाळणाने अडत नाहीत.

18 जुलै

रात्रपाळीतल्या सहकाऱ्यांना वापरायला दिले. पहिल्याच रात्री एकाने विषयाचे नाव एका अक्षराने चुकवले, आज्ञा बिनतक्रार स्वीकारली गेली, फाइल रिकामी राहिली आणि ‘वेळापत्रकात काही अडचण नाही’ असा निष्कर्ष पाळीच्या नोंदवहीत लिहिला गेला. दोष आज्ञेचा होता. आता अनोळखी नाव नाकारले जाते आणि त्याच्या जवळची नावे सुचवली जातात. पोलरच्या यादीत नसलेला आयपी पत्ता गाळणात दिला तरी इशारा मिळतो.

24 जुलै

ज्या तक्रारीसाठी हे सर्व केले ती आज पुन्हा उद्भवली आणि पोलर रीस्टार्ट न करता सापडली.

त्या एका स्विचच्या पत्त्यासह ‘पोल’ तपशिलात सुरू केला. प्रश्न जात होता, उत्तर येत होते, आणि तरीही पोलर टाइमआउट नोंदवत होता. म्हणजे उत्तर लायब्ररीच्या आत टाकून दिले जात होते. लायब्ररीची स्वतःची टोकनेही चालू प्रक्रियेत जागी करता येतात आणि तिच्या ओळी कॉलबॅकमधून आपल्या फाइलकडे वळवता येतात. ही जोडणी जूनमध्येच करून ठेवली होती. लायब्ररीला उपकरणाचे गाळण ठाऊक नसल्यामुळे ओळींचा लोंढा आला, पण सुरक्षेच्या टोकनाखाली कारण स्पष्ट होते.

तो स्विच आवृत्ती 3 वर होता. बिघडलेल्या स्विचच्या जागी नवा बसवताना जुने कॉन्फिगरेशन इंजिन आयडीसह (आवृत्ती 3 मधील उपकरणाच्या ओळखक्रमांकासह) त्यावर उतरवले गेले होते. आरएफसी 3414 प्रमाणे पोलर प्रत्येक इंजिन आयडीसाठी ते किती वेळा बूट झाले याचा आकडा लक्षात ठेवतो आणि त्यापेक्षा लहान आकडा घेऊन आलेले उत्तर जुने समजून फेकतो. नव्या स्विचचा आकडा अर्थातच लहान होता. रीस्टार्टने पोलरची ही आठवण पुसली जाई, म्हणून सगळे ठीक होत असे. हाताने विचारणारी आज्ञा दरवेळी कोऱ्या आठवणीने सुरू होते, म्हणून तिला उत्तर मिळे. यात लायब्ररीचे काही चुकत नाही. जुनी पॅकेटे पुन्हा पाठवून फसवणाऱ्याला रोखण्यासाठीच हा नियम आहे.

उपाय दोन ठिकाणी केला. स्विच बदलताना नवा इंजिन आयडी द्यावा आणि वापरकर्त्याचे पासवर्ड पुन्हा भरावेत, असे शाखांच्या कार्यपद्धतीत लिहिले, कारण किल्ल्या पासवर्ड आणि इंजिन आयडी यांवरून बनतात. पोलरमध्ये, बूटच्या आकड्यावरून उत्तर फेकले गेले तर ‘उत्तर देत नाही’ असे न म्हणता तसे स्पष्ट इशाऱ्यात लिहायचे ठरवले. त्यासाठी कोणालाही डीबग सुरू करावा लागू नये.

29 जुलै

जुना कंपाइलचा फ्लॅग आणि त्याची वेगळी बायनरी आज काढून टाकली. शिल्लक कामे अशी: लायब्ररीच्या ओळींना उपकरणाचे गाळण लावणे, प्रत्येक सेशनच्या शेवटच्या काही ओळी मेमरीतल्या फिरत्या बफरमध्ये सतत ठेवून टाइमआउट झाल्यावरच त्या लिहिणे, म्हणजे दोष दिसण्याआधीचा भागही हाती येईल, आणि डेटाबेसच्या लेखनाचे विषय, ज्यांना अजून हात लावलेला नाही. फिरत्या बफरचे काम आधी घेणार आहे, कारण क्वचित घडणाऱ्या दोषांपैकी बहुतेक दोष कोणी डीबग सुरू करण्याच्या आतच घडून गेलेले असतात. त्या बफरमध्येही कम्युनिटी झाकूनच ठेवावी लागेल. प्रक्रिया कोसळल्यावर जी कोअर फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) बनते तिच्यात तो बफर जसाच्या तसा जातो.